वल्ह्यांचे श्रम हरणारा ओले

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत भंडारदऱ्याचे धरण आहे. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाने प्रवरेचे पाणी अडविले आणि डोंगरांच्या मधोमध एक विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. पावसाळा सरल्यावर या जलाशयाच्या काठी उभे राहिले म्हणजे पाण्यावर दोन प्रकारच्या नावा दृष्टीस पडतात. एका नावेतील मासेमार दोन्ही हातांनी वल्ही मारीत आपल्या जाळ्याकडे जात असतो. वारा समोरून आला तर त्याचे दंड भरून येतात आणि नाव जागची हलेनाशी होते. दुसऱ्या नावेच्या मागच्या फळीला एक लहानसे यंत्र अडकविलेले असते. दोरीचा एक हिसका बसताच ते घरघरू लागते आणि नाव पाणी कापीत पुढे जाते. यंत्र नको असेल तेव्हा दोन खिळी सैल करावयाची, यंत्र उचलावयाचे आणि खांद्यावर टाकून घरी न्यावयाचे!

या यंत्राला आऊटबोर्ड मोटर म्हणतात. इंजिन, पाणी मागे लोटणारा पंखा आणि दिशा वळविणारे सुकाणू या तिन्ही वस्तू त्यात एकत्र असतात, आणि ते नावेच्या पोटात बसविलेले नसून बाहेर टांगलेले असते. म्हणूनच त्याला हे नाव मिळाले. हे यंत्र सामान्य माणसाच्या होडीपर्यंत ज्याने पोहोचविले, त्याचे नाव ओले एव्हिनरूड.

ओले हे नाव वाचून तुम्हांला हसू येईल. परंतु नॉर्वे देशात ते आपल्याकडील गोविंदा-गोपाळासारखे घरोघरी ठेवले जाणारे नाव आहे. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. या ओलेचे आयुष्य मात्र पाण्याच्या संगतीतच फुलले.

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. डोंगराळ मुलुख, थोडी जमीन आणि लांबलचक हिवाळा अशा त्या देशातून त्या काळी हजारो माणसे पोटासाठी अमेरिकेची वाट धरीत होती. ओलेच्या वडिलांनीही तोच मार्ग पत्करला. ओले पाच वर्षांचा असताना हे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, रिप्ली नावाच्या तलावाजवळ शेती करू लागले. अटलांटिक महासागर ओलांडतानाच या चिमुरड्याला आगबोटीच्या इंजिनाच्या खोलीचे वेड लागले होते आणि तेथून त्याला परत आणता आणता आईच्या नाकी नऊ येत, असे सांगतात.

शाळा ओलेला फारशी लाभली नाही. शेतीच्या कामाला हात हवे होते, म्हणून लहानपणीच त्याच्या हाती पाटीऐवजी अवजार आले. परंतु शेतात राबणाऱ्या या मुलाचे लक्ष नांगरटीपेक्षा नांगराच्या बनावटीकडे अधिक असे. मोडलेले अवजार दुरुस्त करणे हा त्याचा खेळ होता. आपल्या मुलाने चांगला शेतकरी व्हावे, ही वडिलांची इच्छा. त्यांना हे खेळ मुळीच पसंत नव्हते.

तलाव समोर, आणि स्वतःची नाव नाही! पंधरा-सोळा वर्षांच्या ओलेने मनाशी ठरविले, की आपणच शिडाची नाव बांधावयाची. त्याने गुपचूप फळ्या जमविल्या, तासल्या आणि जुळविल्या. वडिलांच्या ध्यानी ही गोष्ट येताच त्यांनी त्या फळ्यांचे सरपण केले. दुसरा एखादा मुलगा रडून गप्प बसला असता. ओलेने पुन्हा आरंभ केला. या वेळी त्याने नावेचे भाग निरनिराळ्या ठिकाणी दडवून ठेवले आणि वडील बाहेरगावी गेल्याची संधी साधून ते एकत्र जोडले. ती नाव पाण्यावर डौलाने तरंगली. काठावरचे हौशी लोक पैसे देऊन तीत फेरफटका मारू लागले, तेव्हा वडिलांचाही विरोध मावळला. मुलाचा पिंड शेतकऱ्याचा नसून कारागिराचा आहे, हे त्यांना उमजले. ओलेच्या बालपणाची ही हकीकत पुढे त्याच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितली आहे.

सोळाव्या वर्षी ओलेने घर सोडले आणि मॅडिसन या शहरी जाऊन शेतीची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात तो उमेदवार म्हणून राहिला. दिवसभर घण आणि कानस चालवावयाची, आणि रात्री दिव्यापाशी बसून गणिताची व यंत्रशास्त्राची पुस्तके वाचावयाची, असा त्याचा क्रम होता. शाळेत जे मिळाले नाही ते त्याने अशा रीतीने स्वतःच्या कष्टाने मिळविले. पुढे पिट्सबर्ग, शिकागो अशा मोठमोठ्या शहरांतील कारखान्यांत त्याने काम केले. पोलाद कसे वाकते, ओतकामाचा साचा कसा करावा, दट्ट्या आणि सिलिंडर यांत किती फट ठेवावी, हे सारे त्याच्या बोटांना ठाऊक झाले. शेवटी तो मिलवॉकी शहरी स्थिरावला आणि साचे बनविणारा कुशल कारागीर म्हणून नाव मिळवू लागला.

तो काळ पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या बाल्यावस्थेचा होता. रस्त्यांवर घोड्यांच्या गाड्यांमधून एखादी मोटारगाडी फटफटत जाऊ लागली होती. ओलेने १९०० च्या सुमारास एका भागीदाराबरोबर इंजिने बनविण्याचा धंदा सुरू केला. तो टिकला नाही. पुढचे आणखी प्रयत्नही फसले. ओलेच्या हातांत कसब अपार, परंतु हिशेब आणि पत्रव्यवहार यांचे त्याला वावडे होते. शेजारी राहणारी बेस कॅरी नावाची एक हुशार तरुणी त्या वेळी व्यापारी शिक्षण घेत होती. तिने त्याची विस्कटलेली कागदपत्रे नीट लावून दिली. पुढे १९०६ मध्ये ती त्याची सहधर्मचारिणी झाली. या दोघांच्या संसारात कारागिरी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, अशी उत्तम जोडी जमली.

याच सुमारास ती प्रसिद्ध घटना घडली. उन्हाळ्याच्या एका दिवशी ओले, बेस आणि त्यांची मित्रमंडळी ओकाउची नावाच्या तलावातील एका बेटावर वनभोजनास गेली होती. ऊन मी म्हणत होते. बेसला आइस्क्रीमची इच्छा झाली. आइस्क्रीमचे दुकान पलीकडच्या काठावर, सुमारे चार किलोमीटर दूर. ओले अंगाने धिप्पाड आणि मनाने उमदा. त्याने नाव पाण्यात लोटली, वल्ही मारीत पलीकडचा काठ गाठला, आइस्क्रीम घेतले आणि तो त्याच वाटेने परत फिरला. परंतु वारा उलटा होता आणि सूर्य डोक्यावर होता. घामाने निथळत तो बेटावर पोहोचला, तेव्हा आइस्क्रीमचे पातळ दूध झाले होते.

सर्वांना हसू आले असेल. ओलेच्या मनात मात्र निराळाच विचार घोळू लागला. रस्त्यावरच्या गाडीला इंजिन ओढू शकते, तर होडीला का नाही? हजारो माणसे रोज वल्ही मारतात. कोणी हौसेने गळ टाकावयास जातो, कोणी पोटासाठी जाळे टाकावयास जातो. त्यांच्या होड्या लहान आणि खिसेही लहान. त्यांच्यासाठी होडीत कायमचे बसवावे लागणारे जड इंजिन काय कामाचे? आज या होडीला लावावे, उद्या त्या होडीला लावावे, असे सुटे इंजिन हवे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. अशी कल्पना सुचणारा ओले हा पहिलाच मनुष्य नव्हता. होडीबाहेर टांगावयाची यंत्रे फ्रान्समध्ये आणि अमेरिकेतही त्यापूर्वी बनली होती. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकी गृहस्थाने १९०५ च्या सुमारासच असे यंत्र तयार केले होते. परंतु साध्या माणसाने विश्वासाने विकत घ्यावे आणि वर्षानुवर्षे वापरावे, असे यंत्र करून ते जगभर पोहोचविण्याचे श्रेय ओलेकडे जाते.

ओलेने पहिला नमुना तयार केला तेव्हा तो पाहून बेसला कॉफी दळण्याच्या यंत्राची आठवण झाली. तिने ते तोंडावर सांगितलेही. ओले रागावला नाही. त्याने दुसरा, सुधारलेला नमुना केला. वरच्या बाजूस एक सिलिंडर आडवा. त्यात दट्ट्या मागेपुढे होई आणि त्यामुळे उभा दांडा फिरे. खाली पाण्यात दातेरी चाकांच्या योगाने ती गती पंख्याला मिळे. मिलवॉकीतील किनिकिनिक नदीवर त्याची चाचणी झाली आणि वल्ह्यांवाचून होडी चालू लागली. एका मित्राने ते यंत्र तलावावर नेऊन लोकांना दाखविले, तर तो दहा यंत्रांची मागणी आणि रोख पैसे घेऊनच परत आला!

१९०९ मध्ये ओलेने पंचवीस यंत्रे स्वतःच्या देखरेखीखाली बनविली. प्रत्येकाची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमतही योगायोगाने ६२ डॉलर. लवकरच ती सर्व खपली. १९११ मध्ये या शोधाचे एकस्व त्याला मिळाले.

आता बेसच्या कर्तृत्वाला बहर आला. तिने वृत्तपत्रांसाठी चटकदार जाहिराती लिहिल्या. वल्ही फेकून द्या आणि यंत्र लावा, अशा आशयाचे तिचे शब्द लोकांच्या तोंडी झाले. घरात तान्हा मुलगा, आणि टेबलावर पत्रांचा ढीग! दिवसा संसार आणि रात्री पत्रोत्तरे, असे तिचे दुहेरी काम चाले. समुद्रापलीकडूनही मागणी आली. ज्या नॉर्वेतून ओलेचे आईवडील पोट भरण्यासाठी निघाले होते, त्याच भागातील कोळी आपल्या होड्यांसाठी त्याची यंत्रे मागवू लागले. ख्रिस मेयर नावाच्या भांडवलदाराने पैसा घातला, कारखाना वाढला आणि शेकडो कामगारांची चूल त्यावर पेटू लागली.

याच वेळी ओलेपुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. अतिश्रमाने बेसची प्रकृती ढासळली. एका बाजूला भरभराटीस आलेला धंदा, तर दुसऱ्या बाजूला पत्नीचे आरोग्य. ओलेने फार काळ विचार केला नाही. १९१४ च्या सुमारास त्याने आपला हिस्सा मेयरला विकून टाकला आणि पाच वर्षे या धंद्यात पुन्हा पाऊल न ठेवण्याचा करार केला. स्वतःच्या नावाचा कारखाना परक्याच्या स्वाधीन करून तो पत्नीला व मुलाला घेऊन प्रवासास निघून गेला. तीच त्याची खरी श्रीमंती होय.

हात रिकामे असले तरी डोके रिकामे राहिले नाही. आपल्याच यंत्रातील उणिवा ओलेला दिसू लागल्या. ते फार जड होते. लोखंडाचे एवढे ओझे होडीच्या मागच्या टोकावर लादले म्हणजे होडी मागे दबते. जितकी होडी खोल बुडते तितके अधिक पाणी तिला बाजूस सारावे लागते, आणि जितके अधिक पाणी सारावे तितके पेट्रोल अधिक जळते. शिवाय एका सिलिंडरचे यंत्र हिसके देत चाले, त्याने होडी थरथरे आणि बसणाऱ्याचे हात बधिर होत. ओलेने लोखंडाच्या जागी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम वापरले आणि एकाऐवजी दोन सिलिंडर समोरासमोर बसविले. दोन्ही दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना जात, त्यामुळे एकाचा हिसका दुसरा झेली. नवे यंत्र सुमारे २२ किलोचे आणि शक्ती तीन अश्वशक्तीची झाली. हिशेब करून पाहा. पूर्वी एका अश्वशक्तीमागे जवळजवळ १९ किलोंचा भार वाहावा लागे, तो आता सात किलोंच्या आसपास आला.

कराराची मुदत संपत आल्यावर ओलेने आपला नवा आराखडा प्रथम मेयरपुढे ठेविला. जुनी यंत्रे चांगली खपत होती. मेयरला नव्याची गरज वाटली नाही. तेव्हा ओले आणि बेस यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. नव्या यंत्राला त्यांनी एल्टो हे नाव दिले. स्वतःच्या जुन्या नावाशीच स्पर्धा करण्याचा हा प्रसंग होता! परंतु हलके, सहज सुरू होणारे आणि कमी हादरणारे यंत्र लोकांना आवडले आणि अवघ्या काही वर्षांत एल्टोने बाजारात मानाचे स्थान मिळविले. १९२९ मध्ये तीन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. त्यांत एल्टो होती आणि एव्हिनरूड ही जुनी कंपनीही होती. नव्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून ओलेची निवड झाली. दुरावलेले नाव पंधरा वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे आले.

दुर्दैवाने त्याच वर्षी अमेरिकेवर मोठी मंदी कोसळली. लोकांना भाकरीची भ्रांत पडली, तेथे हौसेच्या होडीला यंत्र कोण घेणार? त्या बिकट काळात ओलेने संस्थेची नाव बुडू दिली नाही. परंतु १९३३ च्या मे महिन्यात बेसने इहलोक सोडला आणि ओलेचा आधार तुटला. १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याचेही निधन झाले. त्यांचा मुलगा राल्फ याने पुढे कारभार सांभाळला.

मुलांनो, ओलेची कथा येथे संपली, परंतु त्याच्या यंत्राची कथा संपली नाही. आणि तिचा पुढचा भाग तुम्ही जाणून घेतलाच पाहिजे.

आपल्या नगरच्या मळ्यांत एके काळी विहिरींवर मोटा चालत. बैल थकत आणि मोट हाकणाराही थके. पुढे विहिरीवर तेलाचे इंजिन आले. कष्ट वाचले, परंतु बैलाला कडबा लागे तसे इंजिनाला तेल लागू लागले. पिंपातले तेल किती तास पुरले, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरी रोजचा झाला. होडीच्या बाबतीतही तेच घडले. वल्ह्यांना फक्त भाकरी लागत होती; यंत्राला पेट्रोल लागू लागले.

ओलेच्या काळची ही यंत्रे द्विटप्पी जातीची, म्हणजे टू-स्ट्रोक, होती. या जातीत सुटे भाग थोडे, म्हणून यंत्र हलके, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपे. परंतु त्यात एक मोठी खोड होती. जळलेला धूर सिलिंडरमधून बाहेर जात असतानाच नवे पेट्रोल आणि हवा आत येते. एका दाराने सुटलेला वर्ग बाहेर पडत आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या दाराने नवा वर्ग आत शिरत आहे, अशी कल्पना करा. त्या गर्दीत नव्या वर्गातील काही मुले बाहेर जाणाऱ्यांबरोबर लोटली जाणारच. तसेच न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर फेकले जाई. पेट्रोलचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा फुकट जाई. त्यात मिसळलेले वंगणाचे तेलही जाई. आणि जाई कोठे? ज्या तलावात गळ टाकावयाचा, त्याच तलावाच्या पाण्यात! माशाच्या मागे जाणारा माणूस माशाचेच घर मलिन करीत होता.

त्या वेळी पेट्रोल स्वस्त होते आणि तलाव अफाट वाटत होते. म्हणून कित्येक वर्षे या खोडीकडे कोणी फारसे पाहिले नाही. परंतु होड्या हजारांनी वाढल्या, पेट्रोल महागले, आणि दोष डोळ्यांवर येऊ लागला. १९६४ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने चार टप्प्यांचे आऊटबोर्ड यंत्र बाजारात आणले. त्यात धूर बाहेर टाकण्याचा आणि नवे पेट्रोल आत घेण्याचा टप्पा वेगळा असल्याने ही उधळपट्टी टळते. १९९६ मध्ये अमेरिकी शासनाने अशा यंत्रांच्या धुराविषयी कडक नियम केले. त्यानंतर द्विटप्पी यंत्रांतही सुधारणा झाली. धूर निघून जाण्याचे दार मिटल्यानंतरच पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडण्याची युक्ती निघाली. एव्हिनरूड नावाच्या यंत्रांनीही ती स्वीकारली. पुढे हे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २०२० मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबले. शंभरांहून अधिक वर्षे पाण्यावर घुमलेला तो आवाज विरला. ओलेने घालून दिलेली रचना मात्र इतरांच्या यंत्रांत टिकून आहे.

यंत्र कितीही चांगले असले तरी उरलेली काटकसर चालविणाऱ्याच्या हाती असते. एक साधा अंदाज सांगतो. पूर्ण वेगाने चालणारे चांगले पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला एक लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक पेट्रोल घेते. म्हणजे दहा अश्वशक्तीचे यंत्र तासाला पावणेचार लिटरांच्या आसपास पेट्रोल पिते. जुने द्विटप्पी यंत्र याहून बरेच अधिक घेते. परंतु वेग कमी केला, की खर्च वेगापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात उतरतो. संथ जाणाऱ्या होडीचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट लागते. वेळ निम्मा वाचतो हे खरे. तरीही तेवढेच अंतर कापण्यास पेट्रोल चौपट जळते. त्याहूनही वेग वाढविला, तर लहान होडीचे नाक वर उचलले जाते आणि ती आपणच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते. डोंगर चढणाऱ्या बैलाप्रमाणे यंत्राची तेव्हा दमछाक होते. होडीच्या बुडाला शेवाळ धरले असेल, पंख्याचे पाते ठेचले असेल किंवा सगळे ओझे मागेच रचले असेल, तरीही इंधन नाहक जळते. शेवाळ खरवडणे, पाते नीट करणे आणि ओझे सारखे मांडणे यांस एक पैही लागत नाही.

हौसेने गळ टाकणाऱ्यास ही काटकसर शोभा देते. पोटासाठी जाळे टाकणाऱ्यास ती जगविते. हौशी माणसाचे पेट्रोल वाया गेले तर त्याची एक सहल महाग पडेल. परंतु आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोळ्याची होडी रिकामी परतली, तरी इंधनाचे पैसे चुकत नाहीत. त्या दिवशी वाया गेलेला प्रत्येक लिटर त्याच्या मुलांच्या ताटातून जातो.

ओलेने वल्ही मारणाऱ्याचे श्रम पाहिले आणि ते हलके केले. यंत्राचे ओझे पाहिले आणि तेही हलके केले. त्याच्या हातून जे राहिले, ते त्याच्या मागून आलेल्यांनी पाहिले. कोणताही शोध एका माणसाच्या आयुष्यात पुरा होत नाही. एकाने श्रम वाचवावे, दुसऱ्याने इंधन वाचवावे, तिसऱ्याने पाणी निर्मळ ठेवावे, अशा रीतीनेच तो पुढे जातो. पुन्हा कधी भंडारदऱ्याच्या काठी गेलात आणि पाण्यावर यंत्राची घरघर ऐकलीत, तर वितळलेल्या आइस्क्रीमचा डबा घेऊन घामाघूम परतणाऱ्या त्या तरुणाची आठवण करा. आणि त्या नावेमागे पाण्यावर तेलाचा तवंग उमटतो आहे काय, तेही न विसरता पाहा.

स्वाध्याय

१. ओलेच्या वडिलांचा विरोध कशामुळे मावळला?
२. ओलेच्या यशात बेसचा वाटा कोणता होता, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. तीच ओलेची खरी श्रीमंती होय, असे लेखकाने कोणत्या प्रसंगी म्हटले आहे? तुम्हांला ते पटते काय? का?
४. द्विटप्पी यंत्रातील खोड समजाविण्यासाठी लेखकाने वर्गाचे उदाहरण दिले आहे. तुम्ही दुसरे एखादे उदाहरण शोधून लिहा.
५. एक होडी संथ चालीने दोन तासांत पलीकडच्या काठाला जाते आणि तिला अर्धा लिटर पेट्रोल लागते. वेग दुप्पट केल्यास किती वेळ वाचेल आणि पेट्रोल सुमारे किती लागेल?
६. तुमच्या घरी किंवा शेतावर इंधनावर चालणारे एखादे यंत्र असल्यास त्याचे इंधन कोठे वाया जाते, याची माहिती मोठ्या माणसांना विचारून टिपून ठेवा.